आधी दप्तर वाचवा : अपडेटनंतर बिघडलेल्या घरच्या संगणकाविषयी

स्मरणिकेसाठी संगणकावर काहीतरी लिहा, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. जे थोडेफार येते ते एमएस-सीआयटीच्या वर्गात आणि नंतर काउंटरवर बसून शिकलो. परंतु चिटणीस म्हणाले, "त्या रात्री जे केले तेवढेच लिहा. आज टेमघरात घरोघरी कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप आहे, पोरांचे सगळे कागद त्यात आहेत." हे म्हणणे मला पटले, म्हणून हा लेख.

त्याचे असे झाले. आपल्या मंडळाचे दप्तर गेली काही वर्षे माझ्या घरच्या संगणकात आहे. सभासदांची यादी, मासिक वर्गणी, मयत निधीचा हिशेब, सभांची इतिवृत्ते. त्याखेरीज शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरण्यासाठी विद्यार्थ्यांनी आणून दिलेले जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले स्कॅन करून ठेवलेले. संगणक २०१६ सालचा, जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचा, त्यात विंडोज १०. ऑगस्ट २०२५ मधील दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी पुतणी तिचा अर्ज भरायला बसली. कॉलेजने दिलेली मुदत दोन दिवसांवर होती. संगणक सुरू होईना, स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचा मजकूर आणि तीस टक्क्यांवर थांबलेला आकडा. पाऊण तास तिने वाट पाहिली आणि मग पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद केला.

पुन्हा चालू केल्यावर केलेले बदल मागे घेत असल्याचा मजकूर आला. बऱ्याच वेळाने डेस्कटॉप उघडला तो कोरा. एकही फोल्डर नाही. मी तेव्हा कल्याणहून परतीच्या बसमध्ये होतो. फोन आला, "काका, सगळे गेले. मंडळाचेही गेले. शेजारचा दादा म्हणतो दुकानात नेऊ, तिथला माणूस म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, तासाभरात देतो."

मी एवढेच सांगितले की, मी येईपर्यंत संगणक घराबाहेर काढू नका.

फॉरमॅट मारणे म्हणजे हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने बसविणे. त्याने संगणक चालू होतो यात शंका नाही. परंतु तसे करणाऱ्याला आपली फाईल कोणती आणि कोणत्या गोरगरिबाच्या मुलाचा दाखला कोणता याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याच्याकडे दिवसाला दहा मशीन येतात आणि फॉरमॅट हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सरळ मार्ग. तो चोर नव्हे, पण आपल्या कामाचा तो उपाय नव्हे.

वाचकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन प्रकारची सामग्री असते. एक विंडोज, म्हणजे यंत्र चालविणारी व्यवस्था. हिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. दुसरी आपली कागदपत्रे. बँकेच्या शाखेत जसे काउंटर, पंखे, वायरिंग वेगळे आणि खातेवही वेगळी. वायरिंग जळाले म्हणून कोणी खातेवही जाळत नाही. अपडेट बदलते ते वायरिंग. कागदपत्रे सी ड्राईव्हवरील ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये, आपल्या नावाच्या कप्प्यात असतात आणि बहुतेक वेळा डेस्कटॉप कोरा दिसला तरी ती तेथेच पडून असतात.

बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे जे मोठे अपडेट आले त्याने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधील फाईली खरोखरच पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. म्हणून दुसरी प्रत हवीच.

आता अपडेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये सापडलेल्या चुका आणि चोरवाटा बुजविण्यासाठी कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठविते. ही पद्धत २००३ पासून आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे आपल्या घरी अपडेट उतरते ते बुधवारी किंवा त्यानंतर. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी संगणक नीट चालत नाही असे ज्यांना वाटते त्यांचे वाटणे अगदीच खोटे नाही.

चालू असलेल्या विंडोजला स्वतःच्या वापरातील फाईली बदलता येत नाहीत. म्हणून हे काम बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना केले जाते. जुन्या हार्ड डिस्कवर याला तास-दोन तासही लागतात. आकडा तीसवर थांबला म्हणजे काम थांबले असे नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. याच वेळी वीज गेली किंवा आपण बटण दाबले तर काही फाईली नव्या, काही जुन्या अशी अर्धवट स्थिती होते. विंडोज ती ओळखून बहुधा मागे फिरते, पण एखादी फाईल जखमी होऊन राहते. आमच्या घरी तेच झाले होते. माझा यूपीएस असून नसल्यासारखा होता, बॅटरी वर्षभरापूर्वीच गेलेली. वीज गेली नाही हे नशीब, पण बटण दाबले गेले. पुतणीला मी रागावलो नाही. आकडा हलत नसेल तरी थांब, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

घरी पोहोचल्यावर मी प्रथम तिला विचारले, सुरू होताना काही सूचना आली होती का? आली होती, तिने घाबरून बंद केली. ती सूचना अशी असते की, तुमच्या खात्यात प्रवेश करता येत नाही, बाहेर पडून पुन्हा आत या, आता जे काम कराल ते जपले जाणार नाही. याचा अर्थ असा की विंडोजला आपल्या खात्याची मांडणी असलेली फाईल वाचता आली नाही, म्हणून त्याने तात्पुरते कोरे खाते उघडून दिले. पाहुणा आला म्हणून रिकाम्या खोलीत बसवावे तसे. आपली खोली शेजारीच, कुलूपबंद.

सी ड्राईव्ह, यूजर्स, माझ्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स. सगळे जागेवर होते. मयत निधीची फाईल उघडून पाहिली, शेवटची नोंद जुलैची, बरोबर. तेव्हा कुठे घरात चहा झाला.

त्यानंतर दुरुस्तीला हात न लावता मी आधी दोन पेनड्राईव्हवर सर्व फोल्डर उतरविले. एकावर नव्हे, दोनवर. मग संगणक दोन वेळा रीस्टार्ट केला. पुष्कळदा एवढ्यानेच मूळ खाते उघडते. आमचे उघडले नाही. जाणकार माणसे येथे रजिस्ट्री नावाच्या भागात जाऊन नोंद बदलतात. मी तो खटाटोप केला नाही व नवख्याने करूही नये. सोपा मार्ग असा की, सेटिंग्जमधील अकाउंट्समध्ये जाऊन नवे खाते तयार करावे, ते ॲडमिनिस्ट्रेटर करावे आणि त्यात कागदपत्रे आणून ठेवावीत. रात्री साडेअकराला हे काम संपले.

एकच नुकसान झाले. मी येईपर्यंत पुतणीने धीर धरून जातीचा दाखला पुन्हा स्कॅन करून त्या कोऱ्या डेस्कटॉपवर ठेवला होता. तात्पुरते खाते बंद होताच तो पुसला गेला.

एवढ्यावर भागले असे वाटले, पण दुसऱ्या दिवशी खरी मराठी अडचण उभी राहिली. २०१० पूर्वीची मंडळाची इतिवृत्ते उघडली तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे यांची खिचडी. चिटणीस म्हणाले, व्हायरस लागला. व्हायरस नव्हता. आपल्या जुन्या फाईली ज्या काळात डीटीपीवाल्यांकडे टाईप झाल्या त्या काळातील मराठी फॉन्ट ही एक प्रकारची युक्ती होती. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरे असत, फक्त त्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली. तो फॉन्ट असेल तोवर मराठी दिसते, फॉन्ट गेला की खिचडी दिसते. मजकूर जसाच्या तसा असतो. तेव्हा अशी फाईल दिसली की ती पुसू नका आणि दुरुस्तही करू नका, फॉन्ट शोधा.

आमचा फॉन्ट गेला कुठे, हेही कळण्यासारखे आहे. २०१८ च्या मोठ्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये साध्या पद्धतीने बसविलेला फॉन्ट फक्त त्या एका खात्यापुरता बसतो आणि त्याच्या खासगी फोल्डरमध्ये राहतो. नवे खाते उघडले की तेथे तो नसतो. जुन्या खात्याच्या फोल्डरमधून फॉन्टची फाईल काढून तिच्यावर उजवे क्लिक करून ‘सर्वांसाठी बसवा’ या अर्थाचा पर्याय निवडला आणि इतिवृत्ते पुन्हा वाचता येऊ लागली.

युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मजकुराची अशी खिचडी होत नाही. तेथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो व तो जगभर एकच असतो. परंतु युनिकोडवाल्यांचीही एक तक्रार येते, अपडेट केल्यावर अर्जाचा नमुना एका पानाचा दीड पान झाला. याचे कारण बहुधा मंगल फॉन्ट. विंडोज २००० पासून मंगल आपल्या परिचयाचा. विंडोज १० पासून त्याची रोजची जागा निर्मला यूआयने घेतली आणि मंगल, कोकिळा, अपराजिता वगैरे मंडळी जोडसाहित्यात गेली. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ उघडून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की मंगल परत येतो आणि पानही जागेवर येते. मराठी कीबोर्ड नाहीसा झाला असेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी पुन्हा जोडावी. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

अपडेटला आपण शिव्या देतो, पण बँकेतला माणूस म्हणून एक आठवण सांगतो. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. तेव्हाच्या विंडोजमध्ये ते उमटत नसे, चौकोन दिसे. २०११ साली ते आले ते एका अपडेटनेच.

आता इतर दुखणी. संगणक फार मंद झाला, पंखा जोरात फिरतो, ही सर्वाधिक तक्रार. मोठ्या अपडेटनंतर विंडोज सर्व फाईलींची सूची नव्याने करते, साफसफाई करते. एक रात्र चालू ठेवून सोडून द्यावा. दोन दिवसांनीही तसाच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून कोण जास्त काम खातो ते पाहावे. सी ड्राईव्ह गच्च भरला असेल तर दुसरे कारण शोधू नये. मी स्वतः तेथे वीस जीबी जागा मोकळी ठेवतो. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसविली तर २०१६ चा संगणकही ओळखू येत नाही इतका सुधारतो.

प्रिंटर किंवा आवाज बंद पडला तर ड्रायव्हर बदललेला असतो. डिव्हाईस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असते, ते दाबावे. कधी चूक थेट अपडेटची असते. मार्च २०२१ मध्ये एका अपडेटनंतर काही प्रिंटरना प्रिंट देताच संगणक निळा पडत असे, आठवडाभरात दुरुस्तीचे दुसरे अपडेट आले. अशा वेळी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटची ‘हिस्टरी’ उघडून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. विंडोज १० वरून ११ वर गेला असाल तर परत फिरण्यास दहा दिवसांची मुदत असते. ती उलटली की जुन्या व्यवस्थेचा फोल्डर पुसला जातो. म्हणजे दहा दिवस कुरकुर करीत बसू नये, काय तो निर्णय घ्यावा.

संगणक सुरूच होत नसेल तर? टक्क्यांचा आकडा दिसत असेल तोवर हात लावू नये, हे आधी आलेच. पण आकडा नाही, नुसता काळा पडदा किंवा पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होणे चालले असेल, तर विंडोजचे चिन्ह दिसताच बटण दाबून धरून बंद करावे. असे सलग दोन-तीन वेळा केले की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. येथे शेवटचे अपडेट काढण्याचा पर्याय आहे, मागील तारखेची स्थिती आणण्याचा आहे आणि ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून चार क्रमांकाची कळ दाबून सेफ मोडमध्ये जाण्याचा आहे. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरते विंडोज. कागदपत्रे काढून घेण्यास ते पुरते.

ही वाट लहान समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी जगात सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, विमाने खोळंबली, आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीने पाठविलेली एक सदोष फाईल त्याला कारण झाली. उपाय काय होता? बहुसंख्य ठिकाणी एकेका संगणकापाशी बसून सेफ मोडमध्ये जाणे आणि ती एक फाईल पुसणे. मोठमोठ्या कंपन्यांनी जे केले तेच घरी करायचे आहे. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटने नेमक्या या दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी माऊस व कीबोर्ड बंद पाडले होते. सहा दिवसांत दुरुस्ती आली, पण दाराचीच किल्ली अडकावी तसे झाले.

किल्लीवरून आठवले. काही लॅपटॉप अपडेटनंतर एकदम ४८ अंकी किल्ली मागतात. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेकांना हा अनुभव आला. हे बिटलॉकरचे कुलूप. मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल त्या खात्यात, मोबाईलवरून उघडल्यास, ही किल्ली बहुधा मिळते. पण ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेले असेल तर काय करणार? विद्यार्थ्यांनी आजच तपासून किल्ली वहीत लिहून ठेवावी. ती नसेल तर आतील कागद कोणालाच काढता येत नाहीत, मलाही नाही, दुकानदारालाही नाही.

इतका त्रास असेल तर अपडेट कायमचे बंद का करू नये, असे शेजारच्या त्या दादानेच मला विचारले. त्याला मी न्हावा-शेव्याचे उदाहरण दिले, कारण तो भिवंडीच्या गोदामात कामाला आहे आणि कंटेनर अडकले की काय होते ते त्याला ठाऊक आहे. विंडोजमधील एक चोरवाट बुजविणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आले होते. ज्यांनी ते बसविले नाही त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस कोसळला. २७ जूनला नॉटपेट्या आला, तो त्या चोरवाटेचाही उपयोग करीत होता, आणि जेएनपीटीतील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव मात्र युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, हेही त्याला सांगितले. तेव्हा अपडेट बंद करू नये, पुढे ढकलावे. सेटिंग्जमध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबविता येते. अर्जाची मुदत, परीक्षा, निकाल अशा आठवड्यात ते थांबवावे आणि काम झाल्यावर रविवारी सकाळी, वीज आहे हे पाहून, करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, काउंटरवर रोज पाहतो म्हणून लिहितो. संगणक बिघडला की लोक घाबरून इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतात, किंवा स्क्रीनवरच व्हायरस आल्याचे सांगून एक नंबर झळकतो. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवरचा गोड बोलणारा मनुष्य आपल्या संगणकाचा किंवा मोबाईलचा ताबा घेणारे ॲप टाकायला सांगतो, आणि पाच-दहा मिनिटांत खाते रिकामे होते. असे झाल्यास लाजेखातर थांबू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेला कळवावे. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे कठीण.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझा संगणक सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा, विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते, म्हणून तो पात्र ठरत नाही. मी मुदतवाढीची नोंदणी करून घेतली. तेव्हा जाहीर झालेली तिची अखेरची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ होती. दुकानदार काही युक्तीने ११ बसवून देतात, पण मंडळाचे दप्तर असलेल्या यंत्रावर मी ती युक्ती करू दिली नाही.

पुतणीचा अर्ज मुदतीच्या आदल्या संध्याकाळी गेला. यूपीएसला नवी बॅटरी बसली. दप्तराचा एक पेनड्राईव्ह आता चिटणीसांच्या कपाटात असतो, दुसरा माझ्याकडे, आणि दर महिन्याच्या सभेनंतर दोन्हींवर नवी प्रत उतरविली जाते. ज्या विद्यार्थ्यांचे दाखले आमच्याकडे आहेत त्यांनी आपला पेनड्राईव्ह घेऊन सभेच्या दिवशी यावे. त्यांची प्रत त्यांना तेथेच देऊ.